ओइवाची बादली

ओइवा कार्हुनेनने आयुष्यात किती माणसं वाचवली हे सांगणं कठीण आहे. बुडालेली माणसं मोजता येतात, न बुडालेली कशी मोजणार? एकतीस वर्षं तो कुर्कीसाल्मीची फेरीबोट चालवत होता. आमच्या सरोवराचे दोन मोठे भाग जिथे पाण्याच्या एका चिंचोळ्या पट्ट्याने, म्हणजे साल्मीने, जोडले गेलेत, तिथे उन्हाळ्यात त्याची बोट चालायची आणि हिवाळ्यात लोक बर्फावरून ये-जा करायचे. बोटीचा त्याला पगार होता. बर्फाचं काम मात्र त्याला कोणी दिलं नव्हतं, ते त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

धक्क्यावर एक खांब आहे. त्याच्या आकड्याला जस्ताची बादली टांगलेली असली, की बर्फ वजन धरतोय, खुशाल जा. तीच बादली खांबाच्या डोक्यावर पालथी घातलेली दिसली, की घरी बसा. रस्ते खात्याची, बर्फावरून जायच्या तारखा लिहिलेली पाटीही असायची शेजारी. लोक पाटी वाचायचे आणि मग बादलीकडे बघून ठरवायचे.

एकदा मासेमारीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने बादली पालथी घातली. साठ जणांनी नावं दिलेली, बक्षीस म्हणून अख्खी डुकराची मांडी आलेली, बर्फ वरून पांढरा शुभ्र. दुकानदाराने त्याला धक्क्यावर गाठून शिव्या घातल्या. ओइवाने गिरमिटाने काढलेला बर्फाचा तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि बोटाने दाबला. तुकड्याचे उभे सुईसारखे शेकडो काटे झाले आणि हातातून गळून पडले. "यावर उभं राहायचंय तुला? राहा," एवढंच ओइवा म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिथे उघडं पाणी होतं. दुकानदार पुढची दहा वर्षं त्याला कॉफीचे पैसे देऊ देत नसे.

मी राइली. आमच्या आरोग्य केंद्रात चौतीस वर्षं परिचारिका होते, आणि ओइवा आणि त्याची बायको सिर्का यांच्या शेजारी त्याहून जास्त वर्षं राहते आहे. ही हकिगत मी सांगते आहे कारण त्यात एक चूक माझी आहे. ती चूक मी अजून स्वतःला माफ केलेली नाही, आणि कोणी समजूत घालायला आलं तर मला रागच येतो.

सहासष्टाव्या वर्षी ओइवाचा उजवा हात थरथरायला लागला. मग पाय. उंबरठ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटायचे, आणि सिर्का पुढे उभी राहून म्हणायची, "चल रे म्हाताऱ्या, तुझी बोट सुटेल." शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते कमी पडलंय, आणि आता त्याची नक्कल करणाऱ्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायच्या. गोळ्या लागू पडल्या, अगदी दृष्ट लागावी अशा. त्या वर्षी मध्य-उन्हाळ्याच्या जत्रेत ओइवाने सिर्काला घेऊन सलग चार टँगो नाचले. सिर्का रडली आणि म्हणाली, डासांमुळे डोळे चुरचुरतायत.

दर सहा महिन्यांनी त्या गोळ्यांचा एक कागद भरायचा असे. काही जणांना या गोळ्यांनी कसलं तरी वेड लागतं, म्हणून प्रश्न ठरवून दिलेले. तेव्हा मी अजून नोकरीत होते, निवृत्तीला चार महिने उरले होते. ओइवा समोरच्या खुर्चीत बसला होता.

"जुगार खेळतोस का?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबर पत्ते खेळलो होतो. तूच लबाडी केलीस."

"नीट सांग. नको त्या वस्तू विकत घेतोस?"

"सिर्का पैसे देईल तर ना."

"सारखं खात राहावंसं वाटतं? बायकांच्या मागे?"

"बाई एकच आहे, आणि तीही मासे साफ करून करून माझ्यावर वैतागलीय."

आम्ही दोघं हसलो. मी चारही ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि सही केली. त्याने खरं ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं. पण ज्या गावात हिवाळा आला की प्रत्येक पुरुष बर्फाला भोक पाडून त्याच्यापुढे डबड्यावर बसतो, तिथे मासे धरणं हे वेड असू शकतं हे माझ्या डोक्यात यावं कसं? कागदावर मासेमारीचा प्रश्नच नव्हता.

त्या हिवाळ्यात ओइवा आधी दोन तास बसायचा. मग चार, मग उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. उणे पंचवीसमध्येही. गावात त्याचं कौतुक झालं. उर्पो, आमचा निवृत्त पोस्टमन आणि ओइवाचा चाळीस वर्षांचा बर्फावरचा सोबती, सगळ्यांना सांगत फिरायचा की ओइवा पुन्हा तिशीत आलाय. मार्चमध्ये सिर्का माझ्याकडे कॉफीला आली. कपात बघत म्हणाली, "राइली, तो मासे घरी आणतच नाही आता. धरतो आणि तिथेच टाकून देतो. कावळे बसलेत सभोवती. जेवायला हाक मारली तर म्हणतो, एकच, आणखी एकच."

"मग बरंय की, तुझं साफ करायचं काम वाचलं," मी म्हटलं.

तिने कप विसळून ठेवला आणि घरी गेली. आमच्याकडे माणूस एकदाच सांगतो. ते एकदा मी थट्टेत घालवलं.

एप्रिल आला. बर्फावरचं हिम वितळून गेलं, बर्फ आधी करडा झाला, मग काळा. कडेला पाणी सुटलं. दर वर्षी एवढ्यात बादली पालथी झालेली असायची. मी रोज खिडकीतून बघायचे. बादली आकड्यालाच होती. मनात यायचं, यंदा थंडी जास्त पडली, ओइवाला ठाऊक असणार. सगळं गाव हेच म्हणत होतं. शिवाय ओइवा स्वतः तिथे साल्मीच्या तोंडाशी बसलेला दिसायचा, धक्क्यापासून तीनशे मीटरवर, जिथे खालून प्रवाह वाहतो. तो बसलाय म्हणजे बर्फ धरतोय, याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

बावीस एप्रिलला दुपारी दीडच्या सुमाराला मला किंकाळी ऐकू आली. मी खिडकीशी धावले. उर्पोची पायाने ढकलायची घसरगाडी बर्फावर एकटीच उभी होती आणि तिच्या पुढे काळं भोक होतं. भोकात उर्पोची लाल टोपी हलत होती.

आमच्याकडे गळ्यात दोन टोचे अडकवल्याशिवाय कोणी बर्फावर जात नाही. उर्पोने ते काढले, बर्फात रोवले, एकदा निसटला, पुन्हा रोवले. मी मोजत होते. का मोजत होते कोण जाणे, नोकरीची सवय असेल. एकशे दहापर्यंत आले तेव्हा तो पोटावर बाहेर आला आणि सरपटत किनाऱ्याकडे निघाला.

तेव्हा मी ओइवाकडे पाहिलं. उर्पोपासून शंभर मीटरवर तो डबड्यावर बसला होता. त्याची मान खाली होती. तो उठला नव्हता, ओरडला नव्हता, त्याने दोरीसुद्धा फेकली नव्हती. स्वतःपुढच्या भोकात बघत होता.

मी आपत्कालीन नंबर फिरवला. फोनवरची बाई म्हणाली, बचाव पथक निघालंय, पन्नास मिनिटं. मी बूट चढवून धक्क्यावर पोचले तेव्हा सिर्का आधीच त्यांची छोटी ॲल्युमिनियमची होडी पाण्याकडे ओढत होती. चौसष्ट वर्षांची, माझ्या खांद्याएवढी बाई. उर्पो किनाऱ्यावर दात वाजवत पडला होता, दुकानदार त्याला ब्लँकेटात गुंडाळत होता. उर्पो सारखं एकच म्हणत होता, "ओइवा बसलेला होता ना. बादली आकड्याला होती ना."

"सिर्का, थांब. पथक येतंय," मी म्हटलं.

"त्याची दुपारची गोळी राहिलीय," ती म्हणाली. "माझ्या खिशात आहे. त्याचे पाय गेले असतील आता. त्याला उठताच येणार नाही, राइली. आणि वारा फिरलाय."

वारा खरंच दक्षिणेचा झाला होता. साल्मीच्या पलीकडच्या कडेचा बर्फ हलताना दिसत होता. पन्नास मिनिटं तो राहणार नव्हता.

कुजलेल्या बर्फावर होडी न्यायची रीत आहे. दोघांनी दोन बाजूंनी काठ धरायचा, एक गुडघा आत, दुसऱ्या पायाने ढकलायचं. बर्फ फुटला तर आत पडायचं, बाहेर नाही. असं आम्ही निघालो. पायाखाली बर्फ कुरकुरत होता, मध्येच माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि मी सिर्कावर ओरडले, सरळ ढकल म्हणून. तिची काही चूक नव्हती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी ओरडते.

अर्ध्या वाटेवर सिर्का धापा टाकत म्हणाली, "गोळी घेतली ना, की अर्ध्या-पाऊण तासात गिरमिट शोधायला लागतो. एरवी बसलेला असतो शांत. मला वाटायचं, बरं वाटतंय म्हणून जातोय."

मी ढकलायची थांबलेच. जुगार, खरेदी, खाणं, बायका. चार प्रश्न, चार 'नाही', खाली माझी सही.

"काय झालं?" सिर्काने विचारलं.

"काही नाही. ढकल."

आम्ही पोचलो तेव्हा ओइवाच्या भोवती पट्टेरी मासे पसरलेले होते, काही अजून तोंड उघडत-मिटत होते. बर्फात सात भोकं ओळीने पाडलेली. सात, मासे धरायला नव्हे. बर्फ तपासायला तो नेहमी सात भोकं पाडायचा. म्हणजे त्याने तपासला होता. प्रत्येक भोकाच्या कडेला तेच सुईसारखे काटे ढिगाने पडले होते.

"ओइवा," सिर्का म्हणाली. "अरे म्हाताऱ्या, चल."

त्याचा चेहरा लाकडासारखा होता. गोळी उतरली की तो तसा होतो, एक रेघ हलत नाही. ओठातून कसाबसा आवाज आला. "पाय."

सिर्काने हातमोजा दाताने ओढून काढला आणि खिशातून डबी काढली. "घे. ही घे म्हणजे चालता येईल."

मी तिचं मनगट धरलं.

"सोड राइली! पाय सुटल्याशिवाय होडीत कसा चढेल तो?"

"पाय सुटतील, पण मग तो यायचा नाही."

तिला कळलं नाही. आणि मग कळलं. मला तिचा तो चेहरा विसरता येत नाही. तिच्या हातातली एवढीशी पांढरी गोळी, तीन वर्षं तिनेच वेळेवर घड्याळ लावून त्याला दिलेली. गोळी दिली तर तो चालू शकेल आणि उठणार नाही. नाही दिली तर उठायला तयार होईल आणि चालू शकणार नाही. मागे कुठेतरी बर्फ लांबलचक तडकला.

"नाही द्यायची," मी म्हटलं. "असाच न्यायचा."

आम्ही होडी आडवी करून त्याच्या डबड्याला टेकवली. मी काखेत हात घातले, सिर्काने पाय उचलले. ऐंशी किलोचा माणूस, ओंडका आणि तो यात काही फरक नव्हता. दोनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा तो तोंडावर होडीत पडला, आणि त्याच वेळी माझ्या बाजूचा बर्फ खचला. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. काठ हातात होता म्हणून वाचले. सिर्काने माझी कॉलर धरून अशी ओढली की शिलाई उसवली.

होडी आता पाण्यात होती. मी वल्हं हातात घेतलं. ओइवा तळाशी पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटत होता. मी खाली वाकले.

"काठी," तो म्हणत होता. "राइली, गळाची काठी राहिली. एकच. आणखी एकच."

चेहरा हलत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा मला समजलं की तो आमच्याकडे विनवणी करत नव्हता. तो स्वतःलाच ऐकत होता आणि घाबरला होता.

वल्ह्याने बर्फ फोडत आम्ही धक्क्याला लागलो, तेव्हा कुठे पथकाचा भोंगा ऐकू यायला लागला. मी मागे वळून पाहिलं. सात भोकांची ओळ तुटून, डबड्यासकट, हळूहळू साल्मीतून वाहत चालली होती.

शहरात त्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या तरुण होत्या, पण बोलल्या साधं. मासा मिळाल्यावर मेंदू खूश होतो असं आपल्याला वाटतं, त्या म्हणाल्या. खरं तर हे रसायन उसळतं ते अपेक्षा नसताना काही मिळालं की. ठरल्याप्रमाणे मिळालं तर ते गप्प बसतं, आणि मिळायला हवं होतं ते मिळालं नाही तर खाली उतरतं. या उसळण्या-उतरण्यावरून मेंदू शिकतो कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं. तुमची गोळी तूट भरून काढते, पण उतरायचं ते उतरू देत नाही. त्यामुळे 'पुरे' हा निरोप पोचतच नाही.

"म्हणजे त्याला तिथे बसणं आवडत होतं?" सिर्काने विचारलं.

"आवडत नव्हतं," ओइवा म्हणाला. "फेब्रुवारीपासून मला मासा बघवत नव्हता. पण हवा होता." मग तो माझ्याकडे वळला, डॉक्टरांकडे नाही. "उर्पो पाण्यात गेला ते मी पाहिलं, राइली. त्याच वेळी काठीचं टोक हललं. मी काठीकडे बघितलं."

सिर्काने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"बर्फ वाईट आहे हे मला आठवडाभर माहीत होतं. रोज सकाळी बादलीला हात लावायचो. पालथी घातली असती तर मलाही थांबावं लागलं असतं. म्हणून नाही घातली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी लोकांना खोटं सांगितलं."

मी तेव्हा माझ्या कागदाबद्दल बोलले. चार 'नाही' आणि सही. मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, "तू मासेमारीचं विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं." त्याने मला सोडवण्यासाठी म्हटलं असेल. मला त्याचाही राग आला.

गोळी हळूहळू कमी करून जवळजवळ काढली, दुसरी दिली. दुसरीने तेवढं भागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय पूर्वीसारखे राहणार नाहीत, नीट विचार करून ठरवा. सिर्काला घरी जाऊन विचार करायचा होता. ओइवाने तिथेच सांगितलं, "पाय जाऊ देत." तेवढं बोलून त्याने टोपी मागितली. सिर्काचे टँगो त्या दिवशी संपले, हे तिघांनाही ठाऊक होतं. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघून रडली, आणि या वेळी डासांचं नाव घेतलं नाही.

उर्पो दोन आठवडे तापाने आडवा होता. बरा झाल्यावर तो ओइवाकडे गेला, दोघं तासभर स्वयंपाकघरात बसले, आणि सिर्का सांगते की त्यांनी फक्त हवेबद्दल बोलून घेतलं.

बादलीचं काम पुढच्या हिवाळ्यापासून माझ्याकडे आलं. ओइवानेच दिलं. खिडकीशी खुर्चीत बसून तो मला शिकवायचा: कुठे भोक पाडायचं, तुकडा उजेडात कसा धरायचा, गिरमिट कसा आवाज देतो. "आणि मी काही म्हटलं तर ऐकू नकोस," असं दर वेळी शेवटी म्हणायचा. "बर्फाचं ऐक."

यंदाच्या एप्रिलमध्ये, पाच तारखेला, सकाळी आठ वाजता त्याचा फोन आला.

"राइली, बादली पालथी घाल."

"वेड लागलंय का तुला? काल संध्याकाळी बघितलाय मी. पन्नास सेंटिमीटर आहे, काचेसारखा टणक. तीन आठवडे काही होत नाही त्याला."



"बर्फाचं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "सकाळी भानावर आलो तेव्हा मी दारात होतो. बूट घातलेले होते आणि गिरमिट हातात होतं. गोळी एवढीशीच उरलीय, पण आज ते पुन्हा आलंय. मला बादली दिसते इथून. पालथी दिसली तर मी बसेन. सवय आहे."

त्याने मला सांगितलं होतं, मी म्हणेन ते ऐकू नकोस, बर्फाचं ऐक. बर्फ सांगत होता की अख्खं गाव खुशाल नाचू शकतं. मी कोट चढवला, धक्क्यावर गेले, आकड्यावरची बादली काढली आणि खांबाच्या डोक्यावर पालथी घातली. वळून पाहिलं तर त्याच्या खिडकीत कोणीतरी खाली बसलं.

तेवढ्यात उर्पो घसरगाडी ढकलत आला. गाडीवर गिरमिट, काठी, डबडं, दिवसभराचा काळा पाव आणि कॉफी. तो थांबला. आधी त्याने बादलीकडे पाहिलं, मग उन्हात चमकणाऱ्या त्या टणक बर्फाकडे, मग माझ्याकडे. मग त्याने ओइवाच्या खिडकीकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"आज वारा फार आहे," उर्पो म्हणाला.

वारा अजिबात नव्हता. त्याने गाडी फिरवली आणि कॉफीचा थर्मास घेऊन ओइवाच्या दाराकडे निघाला. त्याच्या मागून आलेल्या दोघांनीही बादली पाहिली आणि आपापली गाडी वळवली. त्यानंतर तीन आठवडे चांगला बर्फ नुसता पडून होता, आणि गावात एकानेही मला का म्हणून विचारलं नाही.